लहान मापाचं करडं जॅकेट

२ नोव्हेंबर, रविवार

या वहीच्या पुढच्या पानांवर बॉयलर आहेत. कुठल्या इमारतीतला, काय बिघडलं, कुठला भाग बदलला. मागची पानं कोरीच पडून होती. आज त्यांत दुसरं काही लिहितोय, कारण घरात बोललो की ही हसते.

तर डॉक्टर आज तिसऱ्यांदा आला.

मी आणि बारक्या गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी डोंगरात सायकली घेऊन जातो. बारक्या शाळेपासूनचा. आता बावन्न वर्षांचा आहे, दातांच्या कवळ्या बनवतो, पण उंचीने नववीत होता तेवढाच राहिला, म्हणून बारक्या. मी आडवातिडवा आणि धंदा गरम पाण्याचा, म्हणून त्याने मला बंब ठरवून टाकलं. आमची पद्धत ठरलेली आहे. पायथ्याच्या फाटकापासून दोघं एकदम सुटतो, मी पुढे जातो, वर पाण्याच्या टाकीपाशी थांबतो. दहा-बारा मिनिटांनी तो येतो. मग माझ्या थर्मासमधला चहा, दोन कप. नऊ वर्षांत यात बदल करावा असं कोणाला वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर. पस्तिशीचा असेल. त्याला एका कुत्र्यासाठी दात करून हवा होता म्हणून तो बारक्याकडे गेला, आणि गप्पांत सायकल निघाली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

आज थंडीची पहिली कडक सकाळ होती. डॉक्टरने घातलेलं जॅकेट गडद हिरवं, कागदासारखं पातळ आणि दोन्ही काखांत चेन. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाला, “काका, चढावर हवा खेळती राहते.” म्हणजे थंडी वाजू नये म्हणून जॅकेट घ्यायचं आणि थंडी आत यावी म्हणून त्याला भोकं ठेवायची. बॉयलरला कोणी खिडकी बसवतं का?

आणि वर काका. बारक्याला तो दादा म्हणतो. बारक्या माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे.

बारक्याने डॉक्टरच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं, बराच वेळ, दाताचा रंग जुळवताना पाहतो तसं. मला ते आवडलं नाही. लिहून ठेवतो, आवडलं नाही. बारक्याच्या अंगात तेव्हा मी निवडून दिलेलं लाल जॅकेट होतं. तीन वर्षांपूर्वी दुकानातलं सगळ्यांत जाड जॅकेट मी त्याला घ्यायला लावलं, आणि माझ्यासाठी तेच, दोन मापं मोठं. फोटोत आम्ही बापलेक दिसतो असं ही म्हणते. थंडीबद्दल मला शिकवायची कोणाची टाप नाही. बत्तीस वर्षं मी गरम पाण्याच्या टाक्यांना आणि पाइपांना ग्लासवूल गुंडाळत आलोय. वर टाकीपाशी वाऱ्यात कितीही उभं राहिलो तरी त्या जॅकेटमध्ये मला एकदासुद्धा हुडहुडी भरलेली नाही.

५ नोव्हेंबर

ही वहिनींशी, म्हणजे बारक्याच्या बायकोशी, फोनवर बोलून आली आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, “भावोजी नवं जॅकेट घेतायत म्हणे.”

मी म्हटलं, “शक्यच नाही. आहे ते ठणठणीत आहे.”

“डॉक्टर त्यांना दुकानात घेऊन गेला होता. काय काय दाखवलं त्याने.”

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. ज्याने पहिलं जॅकेट निवडून दिलं तो याच गावात जिवंत आहे, फोन नंबरही बदललेला नाही, आणि सल्ला घ्यायचा कुत्र्यांना जंताचं औषध देणाऱ्याचा. दुपारी शाळेच्या तळघरात पाइपांना वेष्टण चढवत होतो तेव्हा हेच डोक्यात. तार इतकी आवळली की हाताला कापलं.

मला डॉक्टरचा हेवा वाटतोय असं ही म्हणते. हेवा कसला? हेवा माणूस बरोबरीच्याचा करतो.

९ नोव्हेंबर, रविवार

एकोणीस मिनिटं. टाकीपाशी मी एकोणीस मिनिटं उभा होतो. डॉक्टर माझ्याबरोबर वर येऊ शकतो, दम आहे त्याच्यात, मी पहिल्याच दिवशी पाहिलंय. पण तो मागे राहतो, बारक्याशेजारी. खालच्या वळणांवरून त्यांचं बोलणं वर ऐकू येत होतं, शब्द नाहीत, नुसता आवाज. मध्येच हसले. एवढं काय बोलायचं असतं चढावर? माणसाने श्वास सांभाळावा.

वर आल्यावर बारक्याने जॅकेट काढलं तेव्हा त्याच्या पाठीतून वाफा निघत होत्या. डॉक्टर बघतच राहिला. म्हटलं बघ, ऊब याला म्हणतात. मग बारक्याने नेहमीसारखी खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि शर्टाच्या आत छातीशी सारली. ही त्याची तीन वर्षांची खोड. मी कधी विचारलं नाही. माणसाला एखादी खोड असावी. पण डॉक्टरला दम धरवेना.

“दादा, हे कशाला?”

“उतारावर वारा लागतो रे,” बारक्या म्हणाला आणि माझ्याकडे बघून पटकन दुसरं काहीतरी बोलू लागला.

थर्मासमध्ये दोनच कप चहा असतो. मी बारक्याला दिला, मला घेतला. बारक्याने त्याच्यातला अर्धा डॉक्टरला दिला. एवढ्याशा गोष्टीने पोटात दुखावं का? दुखलं.

उतरताना मी जानेवारीतल्या जोडीच्या शर्यतीचा विषय काढला. तीत दोघांना मिळून एकच नंबर असतो आणि शेवटची रेघ दोघांनी एकदमच ओलांडावी लागते. आठ वर्षं आम्ही दोघं जातोय. दहा डिसेंबरपर्यंत नावं द्यायची आहेत. मी म्हटलं, “या आठवड्यात देऊन टाकू.” बारक्या म्हणाला, “बघू.”

आठ वर्षांत त्याने कधी बघू म्हटलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

आज जे केलं ते लिहायचं की नाही यावर अर्धा तास बसलोय. लिहितो.

दोन कामांच्या मध्ये वेळ होता म्हणून सायकलीच्या दुकानात गेलो. नुसतं बघायला. दुकानदार जुना ओळखीचा. त्याने थंडीची जॅकेटं खिडकीजवळच्या दांडीवर लावली आहेत आणि शेजारी एक सायकल घोडीवर चढवून ठेवली आहे, जॅकेट घालून तिच्यावर बसून बघायचं. “आरशासमोर उभं राहून सगळीच अंगात बसतात,” म्हणाला. “हात पुढे करून वाकलात की कळतं. बाही मनगटावरून वर सरकते का, पाठ उघडी पडते का, कॉलर हनुवटीला टोचते का.” मग त्याने मला शिकवणी दिली. पुढून वारा अडवणारं, पाठीकडून हवा सोडणारं. मागचा भाग लांब. आत फार भरलेलं नको. उभं राहिल्यावर किंचित थंडी वाजली तर समजा बरोबर घेतलंय.

मी म्हटलं, “थंडी वाजणारं जॅकेट विकायचं, हा धंदा चांगला आहे.”

तो हसला. “तुमच्या मित्रालाही आधी पटत नव्हतं. ते डॉक्टर घेऊन आले होते त्यांना. शेवटी हे आवडलं.” आणि त्याने एक करडं जॅकेट काढलं. साधं. काखेत चेन. “लहान माप एवढं एकच राहिलंय. शनिवारी येऊन नेतो म्हणालेत.”

मी ते हातात घेतलं. वजन म्हणाल तर एखाद्या शर्टाइतकं. मला ते दोघं त्या घोडीवरच्या सायकलीपाशी दिसले. बारक्या हात पुढे करून वाकलाय आणि डॉक्टर मागून पाठ झाकली जाते का बघतोय. मी कधी असं बघितलं नव्हतं. मी आपलं जाड बघून म्हटलं होतं, हे घे.

“हे बांधून द्या,” मी म्हणालो.

“तुम्हाला नाही होणार हे.”

“भेट द्यायची आहे.”

कसं सुचलं कोण जाणे. दुकानदाराचा चेहरा खुलला. त्याने कागदात छान घडी घालून दिलं. ते आता माझ्या गाडीत आहे, सुट्या नळांच्या खोक्यामागे. मला ते होणार नाही, घालायचंही नाही. त्याला मिळू नये एवढ्यासाठीच घेतलं. बावन्न वर्षांचा माणूस.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बारक्याचा फोन. “अरे, ते जॅकेट कोणीतरी नेलं.”

मी म्हटलं, “कुठलं जॅकेट?” चोराच्या मनात चांदणं, आवाज जरा चढाच लागला.

“करडं. मी घेणार होतो ते. तुला काही ठाऊक नाही ना?”

“मला कसं ठाऊक असणार? नसेल आपल्या नशिबात. लाल आहेच की.”

तो म्हणाला, “हो, लाल आहेच,” आणि हसला. त्याचं ते हसणं ऐकून मला बरं वाटलं. शिवाय फोन त्याने मला केला, डॉक्टरला नाही. आज जेवण चांगलं गेलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बारक्या लाल जॅकेट घालून हजर. मजेत होता, उगाच शीळ घालत होता. वर टाकीपाशी त्याचं लक्ष सारखं माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे. थर्मास काढला, कप काढले, तरी बघतोय. म्हटलं, बिस्किटं हवीत का? नको म्हणाला.

डॉक्टरला एका गाभण मांजरीने अडकवलं होतं. देव तिचं भलं करो.

२३ नोव्हेंबर, रविवार

बारक्याला खोकला झालाय. तरी आला. फाटकापाशीच विचारलं, “पिशवीत काय आहे आज?” मी म्हटलं, थर्मास. तो “बरं” म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. शर्यतीचं विचारलं तर परत बघू.

डॉक्टर होता. चौदा मिनिटं थांबलो.

२८ नोव्हेंबर

हिला जॅकेट सापडलं. तिची बहीण आजारी म्हणून हिला बहिणीकडे गाडीने सोडायचं होतं, हिने मागे पिशवी ठेवायला जागा केली आणि नळांच्या खोक्यामागचा कागद उघडून बघितला. मला वाटलं आता संपलं.

“भावोजींसाठी?” ती म्हणाली.

मी नळांचं खोकं सरळ करायला लागलो.

“आणि मी बापडी तुम्हाला काय काय बोलत होते. जळता, कुढता, लहान पोरासारखं वागता.” तिने ते परत नीट गुंडाळलं. तिचे डोळे भरून आले होते. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझं इतकं कौतुक दोनदा केलं असेल, आणि त्यातलं एक हे, न केलेल्या गोष्टीचं. ते लहान मापाचं जॅकेट मी अंगात चढवलं असतं तरी एवढं आवळलं नसतं.

“कधी देणार?”

“वाढदिवसाला.”

“वाढदिवस मार्चमध्ये आहे. तोवर थंडी ओसरेल. आत्ता द्या. खोकताहेत बिचारे.”

“बघू.”

गाडीत म्हणाली, “जॅकेट द्याल तेव्हा जरा बसा त्यांच्याकडे. नीट बोला.”

“दर रविवारी बोलतोच की.”

“काय बोलता?”

मी आठवून पाहिलं. साखळीला तेल, ब्रेकचे रबर, वर वारा किती होता. हे काय कमी आहे?

७ डिसेंबर, रविवार

आज गवतावर दव गोठलं होतं. डॉक्टरचा निरोप आला होता की उशिरा निघतो, गाठीन मागून. म्हणजे फाटकापासून आम्ही दोघंच. नऊ वर्षांसारखे. मी खुशीत होतो, आणि खुशीत असलो की मी जोरात चालवतो. टाकीपाशी पोचलो तेव्हा खाली बघितलं तर रस्ता मोकळा.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मला खरं सांगायचं तर राग आला होता. वाटलं, खाली डॉक्टर भेटला असणार आणि बसले असतील गप्पा छाटत. पंचविसाव्या मिनिटाला फोन वाजला.

“काका, खाली या. मधल्या वळणावर. लवकर.”

बारक्या दगडाला पाठ लावून बसला होता. साखळी तुटलेली, सायकल आडवी. साखळी जोडायला दहा मिनिटं थांबला आणि तेवढ्यात वाऱ्याने त्याला गाठलं. दात वाजत होते, बोटं इतकी बधिर की साखळीची कडी पकडता येईना. दुसऱ्यांचे दात बसवणारा माणूस स्वतःचे आवरू शकत नव्हता. मी माझं जॅकेट काढलं आणि त्याच्या लाल जॅकेटवरून पांघरायला गेलो.

“वरून नको, काका,” डॉक्टर म्हणाला. “आधी आतलं ओलं काढा.”

मी त्याची चेन उघडून आत हात घातला. शर्ट पिळून काढावा असा. जॅकेटचं अस्तर ओलं, भरलेला भाग ओला, वर्तमानपत्राचा लगदा छातीला चिकटलेला. आतल्या आत सगळा घाम, बाहेर जायला वाट नाही. डॉक्टरने त्याला उघडा केला, पिशवीतून कोरडा बनियन काढून घातला, मग माझं जॅकेट गुंडाळलं. मी हातात ते ओलं लाल जॅकेट धरून उभा होतो. ओल्या पाइपावर वेष्टण चढवायचं नसतं. हे मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलोय.

“दर रविवारी असंच होतं?” मी विचारलं.

बारक्याने मान डोलावली.

“तीन हिवाळे? बोलला का नाहीस?”

“तू किती हौसेने घ्यायला लावलं होतंस.” दात वाजत असल्याने एकेक शब्द सुटा येत होता. “आणि सांगणार कधी? तू वर असतोस.”

वर उभं राहून मला जी थंडी वाजायची तिच्यासाठी मी जॅकेट निवडलं होतं. चढणारा तो होता. आम्ही त्याला मध्ये घेऊन पायी उतरलो. डॉक्टरने दोन सायकली ओढल्या आणि मला एका शब्दानेही काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर चिडायला काहीतरी सापडलं असतं.

त्याला गाडीत बसवताना करडं जॅकेट तिथेच होतं, नळांच्या मागे, त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि तेव्हाही माझ्याच्याने काढवलं नाही.

८ डिसेंबर

बारक्याला ताप. हिने सूप नेऊन दिलं. मी दोन बॉयलर केले, दोन्ही नीट जमले नाहीत.

१० डिसेंबर

ताप उतरला, कामावर आलाय असं कळलं. जॅकेट घेऊन गेलो.

बारक्याची कवळ्या करायची जागा म्हणजे एका जिन्याखालची लांबट खोली. खिडकीशी ओटा, त्यावर गुलाबी मेण, प्लास्टरचे साचे, पॉलिशचं चाक. एरवी पाऊल ठेवायला जागा नसते. आज त्याने शेवटी एकदाची आवराआवर केलेली दिसली. वरच्या दोन फळ्या मोकळ्या, साच्यांची खोकी दोरीने बांधून दाराशी. मी म्हटलं, “छान केलंस, उजेड आला.” तो म्हणाला, “हो, आला.”

मी कागद ओट्यावर ठेवला. बोलायचं वाटेत घोकलं होतं ते सगळं विसरलो.

“हे मी नेलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“त्याच शनिवारपासून. दुकानदाराने सांगितलं, तुमचेच मित्र घेऊन गेले, भेट द्यायची म्हणाले. बाहेर येऊन तुला फोन केला.” त्याने मेणाचा तुकडा बोटांत मळायला घेतला. “मला हसू येत होतं. म्हटलं, बंब्याच्या पोटात काही राहत नाही, बोलता बोलता फुटेल. तू म्हणालास, नशिबात नसेल. म्हटलं, वा, बरा नाटकी निघाला. मग रविवारी तुझ्या पिशवीकडे बघत बसलो.”

मी खाली बसलो.

“मग पुढच्या रविवारी पाहिली. मग त्याच्या पुढच्या. वाटलं, डॉक्टरसमोर द्यायचं नसेल. या रविवारी आपण दोघंच होतो.”

“बारक्या.”

“साखळी तुटल्यावर तिथे बसलो ना, तेव्हा विचार करायला वेळ मिळाला. तेव्हा कळलं, की हा देणार नाही.”

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मी सवयीने काहीतरी बोललो असतो. मी म्हटलं, “डॉक्टरने निवडलं म्हणून. त्याने निवडलेलं तुझ्या अंगावर बघवलं नसतं. मला त्याचा हेवा वाटतो. अजून वाटतोय, आत्ताही.” हे असं तोंडाने बोलायला मला पाच आठवडे लागले.

“एवढंच ना,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी बोलला असतास तर तिघं गेलो असतो दुकानात.”

त्याने जॅकेट घातलं, स्टुलावर बसून हात पुढे केले, वाकला. मी उठून मागे गेलो आणि पाठ झाकली जाते का ते पाहिलं. जात होती. बाह्या मनगटापर्यंत बरोबर. डॉक्टरने चांगलं निवडलंय, लिहिताना हात जड होतो पण चांगलं निवडलंय.

“जोडीचं नाव?” मी विचारलं. “आज शेवटची तारीख.”

“सोमवारी दिलं. डॉक्टरबरोबर.”

“सोमवारी तापात होतास.”

“म्हणून तर फोनवरून दिलं.” मग म्हणाला, “बंब्या, जोडीत रेघ एकदम ओलांडायची असते. आठ वर्षं तू रेघेपाशी जाऊन थांबतोस, मी येतो, मग ओलांडतो. ती जोडी नाही.”

मी जॅकेटचा रिकामा कागद घडी घालून खिशात टाकला. निघताना तो म्हणाला, “रविवारी ये. मागून चालव.”

१४ डिसेंबर, रविवार

आधी वरचं लिहितो, मग चढावरचं. चढावरचं लिहायला वेळ लागेल.

वर डॉक्टर थांबला होता. आज तो आपणहून पुढे गेला, मला आणि बारक्याला मागे सोडून. समजूतदार आहे, याचाही राग येतो. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो टाकीच्या आडोशाला दोन्ही हात काखेत घालून नाचत होता. चढाला जे उत्तम ते वाऱ्यात उभं राहायला कुचकामी. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. “काका, तुम्ही दर रविवारी इथे कसे उभे राहता?” त्याने विचारलं. कोणी तरी विचारलं एकदाचं. मी माझं लाल जॅकेट काढून त्याच्या अंगावर टाकलं. चहा तीन कप नेला होता.

आता चढावरचं.

हळू चालवणं मला जमत नाही. दोनदा सवयीने पुढे गेलो, दोनदा पाय टेकून थांबलो. बारक्याच्या मागे राहिलो की समोर करडी पाठ, काखेतली चेन उघडी, आणि त्याचा श्वास ऐकू येतो. नऊ वर्षं या माणसाबरोबर डोंगर चढतोय आणि तो चढताना कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या वळणानंतर तो बोलू लागला. त्याला उत्तर लागत नाही. दोन पायडल, एक वाक्य, दोन पायडल, एक वाक्य. आधी झाडांबद्दल बोलला, मग नातवाबद्दल. मग त्याच सुरात म्हणाला, “मार्चअखेर खोली सोडतोय.”

“कुठली खोली?”

“कामाची.”

दातांचे डॉक्टर आता मापं यंत्राला देतात, आणि त्याला ज्या कामाला आठवडा लागतो ते यंत्र एका सकाळीत कापून देतं. उन्हाळ्यापासून काम जवळजवळ बंद आहे. ऑगस्टमध्ये त्याने चाक विकायला काढलं, गिऱ्हाईक आलं नाही. आता एका औषधाच्या दुकानात बसायचं ठरतंय, एप्रिलपासून. तीस वर्षं त्याने त्या ओट्याशी काढली. आणि मी बुधवारी तिथे उभं राहून उजेड आला म्हणालो.

उन्हाळ्यापासून किती रविवार झाले ते मी मोजायला गेलो आणि मोजणं सोडलं. प्रत्येक रविवारी मी वर होतो.

“डॉक्टरला ठाऊक आहे?” मी विचारलं. एवढं ऐकून माझ्या तोंडून पहिला प्रश्न हा निघाला. माझी मलाच लाज वाटली.

“आहे.”

“आमच्या हिला?”

“सप्टेंबरपासून.”

“आणि मला कधी सांगणार होतास?”

बारक्याने मागे वळून पाहिलं नाही. चढ तिथे उभा आहे, वळून बघितलं की तोल जातो.

“सांगतोय की आता,” तो म्हणाला. “फक्त पुढे जाऊ नकोस.”